मदत हवी आहे: स्टेंटनंतर बाबांच्या जांघेत उडणारी गाठ

नमस्कार मंडळी. बाबा ६९ वर्षांचे, जुना मधुमेह, बिडी आत्ता कुठे सुटलीय. शंभर पावलं चालले की पोटऱ्या भरून यायच्या, म्हणून गेल्या आठवड्यात जांघेतून तार घालून इलियाक धमनीत (पोटातून पायाकडे रक्त नेणारी) स्टेंट टाकायचं ठरलं. फुगा फुगवताना धमनीच फाटली. डॉक्टरांनी तोच फुगा आत फुगवून ठेवून रक्त थोपवलं आणि अस्तर लावलेला कव्हर्ड स्टेंट बसवला. जीव वाचला, तक्रार नाही. पण त्या स्टेंटला जाड नळी लागते, त्यामुळे जांघेतलं भोकही मोठं झालं.

काल आंघोळीच्या वेळी बाबा म्हणाले, "इथे हात लाव गं." लिंबाएवढी गाठ, नाडीसारखी उडणारी. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) स्यूडोअ‍ॅन्युरिझम निघाला, म्हणजे धमनीच्या भोकातून बाहेर आलेल्या रक्ताची गाठ; ३ सेंमी, तिला धमनीशी जोडणारी मान अरुंद. डॉक्टर गाठीत थ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन सुचवतात. चुलतभाऊ म्हणतो, आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा. कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १
ताई, मी कॅथलॅबमध्ये (जिथे असे स्टेंट टाकतात) टेक्निशियन आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या (अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल) घरच्या घरी अजिबात बंद करू नका, नवा स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो. पूर्वी सोनोग्राफीच्या प्रोबने गाठ दाबून धरायचे. दाबणाऱ्याचा हात भरून येतो, पेशंट कळवळतो, आणि या गोळ्या चालू असताना ते बऱ्याचदा फसतं. थ्रॉम्बिन सोनोग्राफीत बघत थोडं थोडं सोडतात, बहुतेक वेळा काही सेकंदांत आतलं रक्त गोठतं. मोठी भीती म्हणजे औषध मुख्य धमनीत निसटायची. मान अरुंद असली की ती कमी. थ्रॉम्बिन गाईच्या रक्तापासून बनवलेलं आहे का आणि पूर्वी कधी दिलंय का, हे विचारा, अ‍ॅलर्जी येऊ शकते. नंतर पावलाची नाडी तपासतात, डॉप्लरही पुन्हा करतात.

गाठ झपाट्याने वाढली, वरची कातडी काळवंडली, पाय गार किंवा बधिर पडला, चक्कर आली, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा. मग ऑपरेशन करून भोक शिवावं लागू शकतं.

धागाकर्ती
खूप आभार! उद्या ११ ची वेळ मिळालीय. चुलतभावाला हा धागा पाठवते. बाबा विचारताहेत, तोवर खोकला आला तर?

प्रतिसाद १
टॉवेलची घडी जांघेवर ठेवून हाताने आधार द्यायला सांगा. आणि उकिडवं बसणं बंद, कमोडच वापरा.