मदत हवी आहे: तात्रा पर्वत (स्लोव्हाकिया-पोलंड) - रिसी शिखर ओलांडून पलीकडे उतरावं का?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि माझे बाबा, साधारण आठवडाभरासाठी हाय तात्रामध्ये (तात्राचा सगळ्यात उंच भाग) जायचं ठरवतोय. आल्प्सऐवजी तात्रा का असं बरेच जण विचारतात, तर मुख्य कारण म्हणजे हा पर्वत आकाराने लहान आहे, मुख्य कणा जेमतेम २५-३० किमीचा, पण तेवढ्यात २५०० मीटरच्या पुढची शिखरं, हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या आणि शंभरावर तळी आहेत, आणि स्लोव्हाक बाजूला पायथ्याने छोटी इलेक्ट्रिक ट्रेन जाते त्यामुळे गाडी भाड्याने न घेता फिरता येतं. आल्प्सपेक्षा खर्चही कमी. हिमनद्या आता उरलेल्या नाहीत, त्यांनी मागे ठेवलेली तळी मात्र आहेत आणि मला सगळ्यात जास्त ओढ त्या तळ्यांचीच आहे.

आता मूळ प्रश्न. मला मोर्स्के ओको (पोलंड) आणि पोप्राद्स्के प्लेसो (स्लोव्हाकिया) ही दोन्ही तळी बघायचीच आहेत. नकाशात बघितलं तर दोघांच्या मधे रिसी शिखर उभं आहे, बरोब्बर सीमेवर, पोलंडचं सर्वोच्च शिखर, साधारण २५०० मीटर. दोन्ही बाजूंनी अधिकृत वाट आहे आणि दोन्ही देश शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला देशांचा गट) असल्यामुळे माथ्यावरून पलीकडे उतरायला काही अडचण नाही असं वाचलं. म्हणजे स्लोव्हाक बाजूने चढायचं, माथा गाठायचा आणि पोलिश बाजूने थेट मोर्स्के ओकोला उतरायचं. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की मी गेले काही आठवडे दुसऱ्या कशाचा विचारच केलेला नाही.

पण पोलिश बाजूला कातळात धरून चढायच्या लोखंडी साखळ्या आहेत म्हणतात. आम्ही दोघं सह्याद्रीत नियमित फिरतो, कातळटप्पे, दोर वगैरेची सवय आहे. बाबा साठी ओलांडलेले, आयुष्यभर घाटवाटा केलेले, दम भरपूर, रोज चालतात. पण अल्पाइन भागाचा अनुभव तिघांनाही नाही. बाबांना मागे हॉटेलवर बसवून आम्ही शिखरावर जायचं हे मला मनापासून नकोय, कारण ही ट्रिप त्यांच्यासाठीच आहे, ते निवृत्त झाल्यापासून आम्ही ठरवत होतो.

तर विचारायचं असं की साखळ्यांचा टप्पा नक्की कसा आहे, सप्टेंबरमधे बर्फ असतो का, राहायला कुठलं गाव सोयीचं, आणि इन्शुरन्सचं काय करायचं, कारण शेंगेन व्हिसासाठी जो ३०,००० युरोचा घ्यावाच लागतो त्यात डोंगरातली रेस्क्यू धरलेली असते का हे पॉलिसी वाचून काही कळलं नाही. कोणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, फोटोंपेक्षा वाटेची माहिती हवीय.

---

कातळवेडा:

मी दोन्ही बाजूंनी गेलोय त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

स्लोव्हाक बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे, ऊन मिळतं, वाट लवकर सुकते. पोप्राद्स्के प्लेसोच्या वर थोडं चालल्यावर फाटा येतो, तिथून उजवीकडे चढत झाब्ये प्लेसा ही छोटी तळी लागतात, त्यांच्यावर एक कातळटप्पा आहे तिथे साखळ्या आणि लोखंडी पायऱ्या बसवलेल्या आहेत. टप्पा छोटा आहे. मग २२५० मीटरवर खाता पोद रिस्मी (खाता म्हणजे हट, डोंगरातली मुक्कामाची जागा), तात्रातलं सगळ्यात उंचावरचं हट, तिथे गरम सूप आणि चहा मिळतो. हे सामान वर कसं येतं माहितीये? माणसं पाठीवर लाकडी चौकट बांधून आणतात, या भागातल्या बऱ्याच उंच हट्सना आजही असाच पुरवठा होतो, वाटेत असा हमाल भेटला तर त्याला आधी जाऊ द्या. हटवरून खिंड आणि खिंडीवरून माथा, शेवटचा भाग दगडांवर हात टेकत जायचा आहे पण भीतीदायक नाही.

पोलिश बाजू पूर्ण वेगळी. मोर्स्के ओको १३९५ मीटरवर, त्याच्या वर १५८३ मीटरला चार्नी स्ताव नावाचं काळसर तळं, आणि तिथून पुढे चढ जो सुरू होतो तो माथ्यापर्यंत सोडत नाही. वरच्या भागात साखळ्याच साखळ्या, उतार उत्तर-पश्चिमेकडे, सावलीत, सकाळचा ओलावा दुपारपर्यंत टिकतो. चढताना एकवेळ ठीक पण तुम्ही म्हणताय ते उतरणं! पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, खालून चढणाऱ्यांची रांग, एकाच साखळीला वरचा आणि खालचा असे दोघं लटकलेले असतात. आणि हे सगळं संपून ११०० मीटर उतरून तुम्ही तळ्याशी पोचलात की तिथून गाडीच्या रस्त्यापर्यंत अजून जवळपास ९ किमी डांबरी रस्ता चालायचा राहतोच.

मला विचारायचंय की बाबांचे गुडघे कसे आहेत? दम आणि गुडघे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

धागाकर्ती:

खूप धन्यवाद, एवढं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. गुडघे... चढताना काहीच त्रास नाही, लांब उतरणीला मात्र त्यांचा वेग खूप कमी होतो आणि ते बोलून दाखवत नाहीत, थांबून फोटो काढायला लागतात त्यावरून आम्ही ओळखतो.

---

कातळवेडा:

मग पोलिश बाजूने उतरणं डोक्यातून काढून टाका. अगदी मनापासून सांगतोय. तुम्ही दोघंच असतात तरी पहिल्याच अल्पाइन ट्रिपला उतरायला ती बाजू घेऊ नका असंच म्हटलं असतं.

---

निळाई:

वरच्या सगळ्याशी सहमत आणि एक गोष्ट सुचवते जी बहुतेक तुमचा प्रश्नच सोडवेल.

दोन्ही तळी बघायला रिसी ओलांडायची गरजच नाहीये. स्लोव्हाक बाजूने बसने लिसा पोल्याना या सीमेवरच्या ठिकाणी जायचं, तिथे नदीवरचा पूल चालत ओलांडला की पोलंड, आणि थोडंसं पुढे गेलं की पालेनित्सा, जिथून मोर्स्के ओकोचा तो डांबरी रस्ता सुरू होतो. बाबांना रस्ता सोपा जाईल, चढ अगदी हळूहळू आहे. पोलिश बाजूच्या राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट असतं त्यामुळे थोडे झ्लॉटी (पोलंडचं चलन) जवळ ठेवा, स्लोव्हाकियात युरो चालतात आणि तिथल्या उद्यानात शिरायला तिकीट नाही. सकाळी शक्य तितक्या लवकर निघा, तिथे गर्दी प्रचंड असते, पण तळ्याच्या काठाने पूर्ण फेरी मारायची वाट आहे तिच्यावर पलीकडच्या टोकाला गेलात की बरीच शांतता मिळते. जमलं तर वर चार्नी स्तावपर्यंत दगडी पायऱ्यांनी चढा, तिथवर साखळ्या नाहीत आणि तिथून खाली बघितलं की मोर्स्के ओकोचा हिरवा रंग खरा कळतो. रिसीची भिंत पण समोरच दिसते.

आणि शिखराचं म्हणाल तर असं करा. कातळवेडा यांनी ज्या फाट्याचा उल्लेख केला त्या फाट्यावरून उजवीकडे न जाता सरळ दरीतून वर गेलं की हिंत्सोवो प्लेसो लागतं, १९४५ मीटर उंचीवर, स्लोव्हाक बाजूचं सगळ्यात मोठं तळं, २० हेक्टरचं. साखळी एकही नाही, चढ सलग आणि समजूतदार. तुम्ही तिघं पोप्राद्स्के प्लेसोला हटवर मुक्काम करा (बुकिंग खूप आधी लागतं), पहाटे एकत्र निघा, फाट्यावर तुम्ही दोघं रिसीला आणि बाबा हिंत्सोवोला, संध्याकाळी पुन्हा त्याच हटवर. बाबांना मागे बसवल्यासारखं होणार नाही, त्यांचं त्यांचं तळं असेल, आणि खरं सांगू का मला रिसीपेक्षा हिंत्सोवो जास्त आवडलं. शामवा म्हणजे डोंगरी बकऱ्यांसारखा प्राणी, तात्रातली त्याची उपजात जगात इतरत्र मूळची कुठेच नाही, तो मी तिथेच बघितला, तळ्याच्या वरच्या दगडांवर निवांत चरत होता.

किंवा तिघंही एकत्रच हवे असाल तर हिंत्सोवोच्या वर कोप्रोव्स्की श्तीत शिखर आहे, २३६० मीटरच्या वर, साखळ्या नाहीत. माथ्यावरून हिंत्सोवो पायाखाली दिसतं.

---

घाटवाट:

हवामान आणि इन्शुरन्सबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून.

उन्हाळ्यात तात्रात दुपारची वादळं हा खरा धोका आहे, उंची नाही. २२ ऑगस्ट २०१९ ला पोलंडमधल्या गिएव्होन्त शिखरावर, जिथे माथ्यावर मोठा लोखंडी क्रॉस आहे आणि वर जायला साखळ्या आहेत, वीज पडली आणि त्या दिवसाच्या वादळात पाच माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी. म्हणजे ज्या साखळीला आपण आधार म्हणून धरतो तीच वीज वाहून नेते. त्यामुळे नियम एकच ठेवा, उजाडताना निघा आणि दुपारच्या आत माथ्यावरून खाली या. सप्टेंबर तुलनेने स्थिर असतो, हवा स्वच्छ, लांबचं दिसतं, पण दिवस लहान होत जातो आणि वर ताजा बर्फ पडू शकतो, २००० मीटरच्या वर रात्रीत सगळं पांढरं झालेलं सप्टेंबरमधेही बघायला मिळतं. असं झालं तर रिसी त्या दिवशी रद्द, चर्चा नाही. आदल्या संध्याकाळी हटवर विचारा, तिथले लोक सरळ सांगतात.

इन्शुरन्स: व्हिसासाठीची साधी पॉलिसी वैद्यकीय खर्च आणि परत आणण्याचा खर्च बघते, डोंगरातला शोध आणि बचाव त्यात असेलच असं नाही, ट्रेकिंग वगळलेलं असू शकतं किंवा उंचीची मर्यादा असते. कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या. हे महत्त्वाचं का, तर पोलंडमधे डोंगरी बचाव फुकट आहे पण स्लोव्हाकियात बचावाचे पैसे आकारतात आणि हेलिकॉप्टर आलं तर बिल मोठं होतं. स्लोव्हाकियात दिवसाच्या हिशोबाने खास डोंगरी विमा मिळतो, अगदी स्वस्त, ऑनलाइन. फोनमधे १८३०० (स्लोव्हाक बचाव पथक) आणि ११२ सेव्ह करा.

व्हिसा कुठल्या देशाचा तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाचा, तुमच्या बाबतीत स्लोव्हाकिया. अपॉइंटमेंट लवकर घ्या, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

आणि वाटांचे रंग, लाल-निळा-हिरवा-पिवळा, हे अवघडपणा दाखवत नाहीत! फक्त वाटा वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून आहेत. पाट्यांवर अंतर किलोमीटरमधे नसून तासांत असतं आणि ते तास धडधाकट चालणाऱ्याचे आहेत, बाबांसाठी दीडपट धरा.

---

धागाकर्ती:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री तिघं नकाशा पसरून बसलो आणि बाबांना फाट्याची कल्पना सांगितली, त्यांनी लगेच हिंत्सोवोवर बोट ठेवलं, म्हणाले हे माझं. रिसी आम्ही दोघं स्लोव्हाक बाजूनेच चढून त्याच बाजूने उतरू, हवा चांगली असेल तरच. मोर्स्के ओको लिसा पोल्यानामार्गे.

अजून दोन गोष्टी विचारते. राहायला स्तारी स्मोकोवेत्स बरं की श्तर्ब्स्के प्लेसो? आणि सुरुवातीला अंगात सवय येण्यासाठी एखादी सोपी पण खरोखर सुंदर वाट कुठली? लोम्नित्स्की श्तीत शिखरावर केबल कारने जावं का?

---

निळाई:

स्मोकोवेत्स. ट्रेनचे फाटे तिथेच मिळतात, एकीकडे श्तर्ब्स्के प्लेसो, एकीकडे लोम्नित्सा गाव, खाली पोप्राद शहर. पोप्राद्स्के प्लेसोसाठी ट्रेनचा त्याच नावाचा थांबा आहे, तिथून तळ्यापर्यंत सव्वा तासाची चाल.

सवयीसाठी स्मोकोवेत्सवरून फनिक्युलरने (केबलने ओढली जाणारी चढावरची रेल्वे) ह्रेबिएनोक, तिथून स्तुदेनी नदीचे धबधबे, मग झाम्कोव्स्केहो खाता, आणि दम असेल तर २०१५ मीटरवरच्या तेरीहो खातापर्यंत. शेवटचा तास खडी चढण पण साखळी नाही, आणि वर पोचलात की उघड्या दगडांत पाच तळी. उतरताना बाबांना काठ्या हव्यातच, दोन, एक नाही. पोप्राद्स्के प्लेसोच्या जवळ तात्रात मरण पावलेल्या गिर्यारोहकांचं स्मारक आहे, झाडांमधे रंगीत कोरलेले लाकडी क्रॉस आणि दगडावर पाट्या, रिसीच्या आदल्या संध्याकाळी तिघं मिळून जाऊन या.

केबल कार वर २६३४ मीटरवर नेते, वेळेचं तिकीट, वर साधारण ५० मिनिटं थांबू देतात मग खाली. वारा असला की बंद, म्हणून फार आधी काढू नका, पण चांगल्या हवेत जागा पटकन संपतात हेही आहे. बाबांना नक्की न्या, हिंत्सोवोच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, पायांना विश्रांती मिळेल.

---

कातळवेडा:

बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि घालून फिरा. ग्रॅनाइट आहे, कोरडा असताना पकड छान मिळते, ओला झाला की लायकेनवर (दगडावरचा शेवाळासारखा थर) सटकतं. साखळीसाठी साधे हातमोजे ठेवा, सकाळी लोखंड बर्फासारखं गार असतं. पोप्राद्स्के प्लेसोच्या हटचं बुकिंग झालं की इथे तारखा टाका, त्या आठवड्यात माझा एक मित्र तिकडेच आहे, वाटेची ताजी स्थिती विचारून कळवतो.