फ्रिट्झ वुंडरलिख जगला असता तर वाग्नरच्या ऑपेरातला लोहेंग्रिन गायला असता का?

खर्ज : जर्मन टेनर (उंच पट्टीचा पुरुष ऑपेरा-गायक) वुंडरलिख १७ सप्टेंबर १९६६ला जिन्यावरून पडून गेला, छत्तिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना. तेव्हापासून एक पालुपद ऐकतोय : आणखी दहा वर्षं मिळाली असती तर वाग्नरचा मोठा टेनर झाला असता. मला पटत नाही. हा गळा मोत्झार्टचा. कार्ल बोमच्या १९६४च्या ‘त्साउबरफ्लोट’मध्ये (मोत्झार्टच्या ऑपेरात) नायक टामिनोचं ‘डीस बिल्डनिस’ हे गाणं ऐका. सुरुवातीलाच खालच्या बी फ्लॅट सुरावरून थेट वरचा जी. आणि तो जी ढकललेला नाही, अलगद ठेवलेला आहे. वाग्नरमध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिका आहेत त्या किरकोळ भूमिकांच्या, उदाहरणार्थ ‘डचमन’ ऑपेरातला सुकाणूवाला.

तीव्रमध्यम : लोहेंग्रिनला वाग्नरच्याच सीगफ्रीडसारख्या दणदणीत भूमिकांच्या पंगतीत बसवू नका. लोहेंग्रिनचं शेवटचं कथन, ‘इन फेर्नेम लांट’, सुरू होतं तेव्हा व्हायोलिनं वर, अगदी हळू. गायकाच्या वाटेत कोणीच नाही. शिवाय आवाज पोचतो तो जोरावर नव्हे. वाद्यवृंदाची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते, कमावलेल्या गळ्याची धार ३,०००च्या आसपास. तिथे वाद्यं पातळ पडतात. टेनर क्लाउस फ्लोरिआन फोग्ट बघा : हलका आवाज, आधी हाम्बुर्गच्या वाद्यवृंदात हॉर्नवादक, आणि २०११पासून बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात लोहेंग्रिन. हॉर्न वुंडरलिखही वाजवायचा, दमसास कच्चा नव्हता.

खर्ज : धार मान्य. पण तुम्ही सोयीचं पान उघडलंत. त्या कथनाआधी नायिका एल्साबरोबरचं लांबलचक द्वंद्वगीत असतं, कथनानंतर हंसाचा निरोप. थकलेला टेनर एफ–एफ शार्पच्या सांध्यावर (जिथे आवाजाची जात बदलते) छातीचा आवाज तसाच वर ओढतो. मग स्वरयंत्र चढतं, कंप रुंदावतो, सूर उतरतो. सगळ्यात आधी जाते ती वरच्या पट्टीत हळू गाण्याची ताकद, आणि ह्या माणसाची खरी दौलत तीच.

मध्यलय : मालरच्या ‘दास लीड फॉन डेर एर्डे’चं पहिलं गाणं दोघांनीही सोडलंत. हॉर्न-ट्रम्पेट भरात असताना टेनरला बी फ्लॅट. संचालक क्लेम्पररबरोबरची त्याची ध्वनिमुद्रिका स्टुडिओतली, तेव्हा माइकची मदत म्हणा हवं तर. पण १९६४मधली व्हिएन्नाची मैफलही आहे, योसेफ क्रिप्सबरोबरची. तिथेही तो बुडत नाही.

खर्ज : आठेक मिनिटांचं गाणं ते. मग बसायला मिळतं.

मध्यलय : बरं, मग त्याच वर्षी व्हिएन्नातच गायलेला फित्झनरचा ‘पालेस्ट्रिना’ हा ऑपेरा घ्या. मुख्य भूमिका, पहिला अंक दीड तासाच्या वर. तिथे काही फार बसायला मिळत नाही.

खर्ज : तरी न्यूयॉर्कच्या मेट ऑपेरामध्ये ऑक्टोबर १९६६ला त्याचं पदार्पण ठरलं होतं ते मोत्झार्टच्याच डॉन ओत्ताव्हिओच्या भूमिकेत.

तीव्रमध्यम : पदार्पणाला कोणीही हातखंडा भूमिकाच घेतो. त्यावरून दहा वर्षांनंतरचं ७६ साल कसं ठरवणार?