एसटीच्या सनबोर्ड मॉडेलला लाइट लावायचेत, बजेट ५००, काय घेऊ?

पम्या_विटा
नमस्कार मंडळी. सनबोर्डची एसटी केलीय, लालपरी, साधारण १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, दीड फूट लांब. रंग झाला, खिडक्यांना पारदर्शक शीट लावली, टपावरचं कॅरिअर आणि मागची शिडी पण झाली. आता लाइट राहिलेत. पुढचे दोन हेडलाइट, मागचे दोन लाल, चार इंडिकेटर आणि आत प्रवाशांचे दिवे. काल ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला पांढरा एलईडी डायरेक्ट लावला, एकदम झक्कास उजेड पडला आणि टिक करून गेला. दुसरा लावला, तोही गेला. तिसरा लावलाच नाही. सोल्डरिंग थोडंफार येतं, मोबाइल रिपेअरवाल्या मित्राकडं सामान आहे. बजेट ५०० रुपये, वर एक रुपया नाही. मामा ३१ तारखेला रिटायर होतोय, तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलीत, त्याला द्यायचीय. १२ दिवस हातात आहेत. काय घेऊ, कुठून घेऊ?

डेक्कन_एचओ
मस्त काम. पण माझं ऐकशील तर बॅटरीच्या भानगडीत पडूच नको. मी रेल्वेवाला, एचओ स्केल म्हणजे १:८७, माझ्या सगळ्या डब्यांना डीसीसी डिकोडर (कंट्रोलरचे हुकूम ओळखणारी चिप) आहेत, रुळातूनच करंट येतो आणि प्रत्येक डब्याचा दिवा कंट्रोलरवरून वेगळा कमीजास्त करता येतो. एका डब्याला साडेचार हजार गेले पण क्वालिटी म्हणजे क्वालिटी. एकदा कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून ये, मग कळेल लाइटिंग कशाला म्हणतात.

पम्या_विटा
सर बघायला नक्की येईन, पण एसटी रुळावर चालत नाही हो. आणि साडेचार हजारात खरी सीट मिळेल मला भंगारात.

किल्लेदार_सचिन
आधी एक सांगतो, घरातली २३० व्होल्टची माळ तोडून त्यातलं काही वापरू नका. मागं दिवाळीत किल्ल्यावर असली माळ सोडली होती, बुरुजात पाच बल्ब, दरवाज्यात दोन. माती ओली, त्यात आळीव पेरलेले म्हणून आमचे चिरंजीव दिवसातून चारदा पाणी मारणार. संध्याकाळी महाराजांची मूर्ती जरा सरळ करायला हात घातला आणि असा झटका बसला की मावळ्यांसकट तटबंदीवरच बसलो. बायको अजून पाहुण्यांना सांगते. तेव्हापासून आमच्या किल्ल्यात फक्त पणत्या.

आयटीआय_काका
बाळा, दोन एलईडी जाळलेस ते बरं झालं, त्याशिवाय कोणी शिकत नाही. आता नीट वाच. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याला २ च्या आसपास. वरचे व्होल्ट कुठंतरी जिरवायला पाहिजेत, ते काम रेझिस्टरचं. ५ व्होल्टचा सप्लाय धर. ५ वजा ३ म्हणजे २ राहिले, तुला १० मिलिअँपिअर पुरे आहेत, २ भागिले ०.०१ म्हणजे २०० ओहम, बाजारात २२० चा मिळतो तो लाव. लाल-पिवळ्याला ३ व्होल्ट राहतात म्हणून ३३०. संपलं. वीस मिलिअँपिअर देऊ नकोस, शोपीस आहे, सर्चलाइट नाही. लांब पाय प्लस. पाय कापलेस तर आत बघ, मोठी वाटी असते ती बाजू मायनस. आमच्या वेळी हे फळ्यावर दहा वेळा लिहून घ्यायचे. आता सगळे व्हिडिओ बघतात आणि बॅटऱ्या जाळतात.

पम्या_विटा
काका लई भारी समजावलं. ५ व्होल्ट आणू कुठून पण?

रोहन_१९९८
पॉवर बँक. सगळ्यांच्या घरी असते. खर्च शून्य.

मृणाल_डॉलहाऊस
पॉवर बँक नको. मी वाड्याचं मॉडेल केलंय १:१२ मधे, ओसरी, माजघर, परसातली विहीर सगळं. त्याला आधी पॉवर बँकच लावली होती. अर्ध्या मिनिटात बंद. परत चालू, परत बंद. एलईडी इतका कमी करंट ओढतात की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल काढून घेतला, ती झोपते. प्रदर्शनात पूर्ण वेळ माझा भाऊ मागं बसून बटण दाबत होता. तीन पेन्सिल सेलचा बॉक्स घे, साडेचार व्होल्ट होतात, काकांनी सांगितलेले तेच रेझिस्टर चालतील, उजेड किंचित कमी पडेल एवढंच.

तापकीर_गल्ली
सामान पुण्याला घे, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत. ३ एमएमचे एलईडी सुटे मिळतात, रेझिस्टर तर मूठभर घेतले तरी दहा रुपयांच्या वर जात नाहीत. फक्त दुकानात जाऊन "लाइट द्या" म्हणू नकोस, साइझ आणि कलर लिहून ने, गर्दीच्या वेळी कोणी समजावत बसत नाही.

गिरगावकर
तापकीर गल्लीवाल्यांनी एकदा लॅमिंग्टन रोडला येऊन बघावं मग बोलावं.

तापकीर_गल्ली
विट्याहून मुंबईला पाठवा त्याला दहा रुपयांच्या रेझिस्टरसाठी. भाडंच बजेटच्या बाहेर जाईल.

गिरगावकर
मामा एसटीत आहे, पास असेल.

पम्या_विटा
पास मामाला हो, मला नाही. सांगलीत मिळेल की हे सगळं, उद्या जातो.

अर्डुइनो_अमेय
हे सगळं जुनं झालं. एक अर्डुइनो नॅनो बोर्ड घे, म्हणजे कोड टाकून चालवायचं छोटं सर्किट, अडीचशेच्या आसपास पडेल, कोड मी देतो. हेडलाइट डिपर-अप्पर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, आतले दिवे हळूहळू लागतील, वर ब्लूटूथ मॉड्युल टाकलं की मोबाइलवरून सगळं चालेल. छोटा एमपीथ्री प्लेअर लावून हॉर्न आणि कंडक्टरची डबल बेल पण टाकू. माझ्या ट्रकमधे केलंय, बघणारे वेडे होतात. थोडं बजेट वाढव, फार नाही, बाराशेपर्यंत.

आयटीआय_काका
चार दिवे लुकलुकवायला कॉम्प्युटर कशाला लागतो? ५५५ ची आयसी घे, ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी टायमर चिप, दहा-पंधरा रुपये. एक १० के (१० हजार ओहम) आणि एक ४७ के चा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मिनिटाला ८३ वेळा लागेल-विझेल. खऱ्या गाडीचा इंडिकेटर ६० ते १२० च्या मधेच असावा लागतो, म्हणजे अगदी गाडीसारखं दिसेल.

अर्डुइनो_अमेय
काका, ५५५ साडेचार व्होल्टच्या खाली दम टाकते. पेन्सिल सेल जरा उतरले की तुमचा इंडिकेटर गेला रजेवर.

आयटीआय_काका
मग तिचीच सीमॉस जातीची बहीण ७५५५ घ्यावी, ती तीन व्होल्टवर पण पळते. मला शिकवू नये.

जय_महाराष्ट्र_२२
रेझिस्टर लावा भाऊ, रेझिस्टरशिवाय एलईडी जळतो.

ठाणे_प्लॅमो
इलेक्ट्रॉनिक्स सोडा, खरा घोळ उजेड गळण्याचा असतो, त्याबद्दल कोणी बोललंच नाही. मी १:७२ ची विमानं करतो. पहिल्यांदा पंखांच्या टोकाला दिवे लावले, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, नियमाप्रमाणे. रात्री चालू केलं तर दिवा बाजूला राहिला आणि अख्खा पंखच आतून कंदिलासारखा पेटला. प्लास्टिकमधून उजेड आरपार येतो, सनबोर्ड पातळ असेल तर त्यातनंही येईल. म्हणून आतून आधी काळा रंग, तो वाळला की त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा आतल्या आत पसरवतो. सांध्यांना बाहेरून टॉर्च मारून बघायचं, सुईएवढी फट पण दिसते.
आणि दुसरं. खिडक्या बसवल्यावर आत फेविक्विक वापरू नका. माझ्या मिराज विमानाची कॅनॉपी (पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) रात्री बंद केली तेव्हा काचेसारखी होती, सकाळी धुकं. त्याची वाफ बसते आणि पांढरा थर धरतो. दोन महिन्यांचं काम. आत दिवा लावला तर ते धुकं अजून उठून दिसतं. वायर धरायला आत फेविकॉल किंवा डबल टेप वापरा.

पम्या_विटा
अरे देवा. खिडक्या बसवून झाल्यात माझ्या. बरं झालं सांगितलं, टप अजून चिकटवला नाही, वरनं हात जातोय.

दापोडी_प्रेमी
गाडी कुठली आहे ते आधी सांगा. नंबर काय टाकलाय? एमएच १४ असेल तर एसटीच्या दापोडी वर्कशॉपची बॉडी, एमएच २० म्हणजे चिकलठाणा, ४० म्हणजे हिंगणा. त्याप्रमाणे मागचे दिवे बदलायला पाहिजेत. लोक नंबर एका वर्कशॉपचा टाकतात आणि तोंड दुसऱ्याच गाडीचं करतात, डोकं उठतं बघून.

पम्या_विटा
एमएच १४. मामाची शेवटची गाडी तीच आहे. पाटी विटा–स्वारगेट.

दापोडी_प्रेमी
मग ठीक आहे. बॉडी करावी तर दापोडीनेच.

वऱ्हाडी_वाघ
हिंगण्याच्या गाडीले काय झालं बे? आमच्या उन्हात चालून दाखवा दापोडीवाली.

दापोडी_प्रेमी
चालते ना, पावसात गळत पण नाही.

(यापुढं कोणाची गाडी गळते यावर अठरा प्रतिसाद. लाइटचा विषय नाही.)

न्यूजर्सी_नाना
इकडे हॉबी शॉपमधे रेडीमेड किट मिळतं, ४० डॉलरला, सगळं त्यात असतं. तुमच्याकडे मिळत नाही का?

पम्या_विटा
नाना, ४० डॉलरमधे मी असल्या सहा एसट्या करीन. बरं मंडळी, सांगलीवरनं सामान आणलं पण प्रॉब्लेम झालाय. लाल लागतात, पांढरे लागतच नाहीत. चारी एलईडी पॅरलल जोडले, मधे एक २२० चा रेझिस्टर. लाल काढले की पांढरे लागतात. दुकानदाराने खराब माल दिला काय?

किल्लेदार_सचिन
वायर तपासा.

रोहन_१९९८
बॅटरी बदलून बघ.

आयटीआय_काका
माल चांगला आहे. एक रेझिस्टर सगळ्यांना लावायला मी कधी सांगितलं होतं? लाल एलईडी २ व्होल्टलाच उघडतो आणि सगळं पाणी तिकडून वाहून जातं, पांढऱ्याच्या वाट्याला ३ व्होल्ट येतच नाहीत. धरणाला खालच्या अंगाला भोक पडल्यावर वरच्या पाटाला पाणी कसं येईल? प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. पन्नास पैशाचा असतो, वाचवून बंगला होत नाही.

पम्या_विटा
काका पाया पडतो. लागले सगळे. आता आतले दिवे. अकरा खिडक्या आहेत, किती एलईडी टाकू?

मृणाल_डॉलहाऊस
सुटे टाकत बसू नकोस. तांब्याच्या बारीक तारेची माळ मिळते ना, तांदळाच्या दाण्याएवढे दिवे असतात, साठ-सत्तर रुपयांत वीस दिव्यांची. वॉर्म म्हणजे पिवळसर घे, पांढरी घेतलीस तर गाडी ऑपरेशन थिएटर दिसेल. टपाला आतून सरळ चिकटव आणि खाली ट्रेसिंग पेपरची पट्टी लाव, दिव्यांचे ठिपके दिसत नाहीत, ट्यूबसारखा सलग उजेड येतो. माझ्या माजघरात तसंच आहे. मोजून अर्धा तास लागतो.

ठाणे_प्लॅमो
ताईंचं बरोबर आहे. वॉर्मच घ्या. आणि आतून काळा रंग, वर पांढरा.

अर्डुइनो_अमेय
अजून विचार कर, नॅनोवर आतले दिवे डिम करता येतील.

जय_महाराष्ट्र_२२
प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर लावा.

पम्या_विटा
मंडळी झाली गाडी. सगळ्यांचे आभार, पण जरा वेगळंच केलंय, शिव्या घालू नका.

मृणालताईंची माळ आणली होती, ट्रेसिंग पेपर लावला, काय सुंदर दिसत होती. तेवढ्यात रविवारी मामा घरी आला. गाडी लपवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, मामा रात्रीच्या ट्रिपला आतले दिवे सगळे लावायचास का रे? तर म्हणाला, येडा का तू, आतले दिवे लावले की पुढच्या काचेत सगळे प्रवासी दिसतात, रस्ता दिसत नाही. स्टँड सुटला की बंद. कराडच्या पुढं गेलो की मागचा एकच ठेवायचो, कोणाला उलटीबिलटी आली तर दिसायला पाहिजे म्हणून.

मग माळ काढली. मागच्या बाकड्याच्या वर एकच ३ एमएमचा वॉर्म एलईडी बसवला, त्याला २२० च्या जागी १ के चा रेझिस्टर घातला, मिणमिणता झालाय. पुढं दोन हेडलाइट, मागं दोन लाल. इंडिकेटरला एलईडी बसवलेत पण वायर जोडलीच नाही, कारण मामाच म्हणतो चारी इंडिकेटर लावून उभी असलेली गाडी म्हणजे ब्रेकडाऊन, लोक खाली उतरून विड्या ओढायला लागतात. सेल बॉक्स डिकीत, स्विच स्टेपनीच्या मागं. एकूण खर्च ३४०, सांगलीचं पेट्रोल धरलं नाही.

काल रात्री घरातला लाइट घालवून बघितली. पुढं रस्ता उजळलाय, आत अंधार, आणि पार मागं एक खिडकी तेवढी पिवळी.

मृणाल_डॉलहाऊस
माळ वाया गेली म्हणून जीव जळतोय, पण फोटो टाक लगेच.

ठाणे_प्लॅमो
आतून काळा दिला होता ना?

पम्या_विटा
दिला. टपाच्या कडेनं थोडा गळत होता, तिथं काळी टेप मारली. फोटो ३१ ला टाकतो, मामा पण इथं वाचतो अधूनमधून, अजून त्याला सांगू नका कोणी.

दापोडी_प्रेमी
मामा वाचत असेल तर आत्तापर्यंत कळलं असेल. नंबरासकट लिहिलंय तुम्ही सगळं.

आयटीआय_काका
५५५ घेतली होतीस का? तिचं काय केलंस?

पम्या_विटा
घेतली होती काका. आहे डब्यात.

शुभम_कराड
सगळं वाचलं नाही पण पॉवर बँकेवर का नाही लावत? सोपं पडेल.