'झॉम्बी'चा मूळ नाद गिटारवर का येत नाही? (द क्रॅनबेरीज)

मोकळी_तार:
आयरिश रॉक बँड क्रॅनबेरीजचं 'झॉम्बी' गिटारवर ई मायनर, सी, जी, डी असं वाजवलं तर चाल जुळते, पण मूळचा तो उदास, रेंगाळणारा नाद येत नाही. डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की नुसता गोंगाट. चुकतंय कुठे? आणि आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या या चौघांचा जम बसला तो याच गाण्यामुळे ना?

सहावा_फ्रेट:
कॉर्ड बदला. वरच्या दोन बारीक तारा, बी आणि ई, चारही कॉर्डभर मोकळ्या वाजायला हव्यात. जाड तारेपासून एकेका तारेचा फ्रेट असा (० म्हणजे मोकळी, × म्हणजे वाजवायची नाही): ई मायनर ०२२०००, सी मेजर सेव्हन ×३२०००, जी सिक्स ३२००००, शेवटी २×००००. या शेवटच्या कॉर्डला पाचवी तार त्याच बोटाच्या पोटाने मुकी करा, नाहीतर खाली ए घुमत राहतो. साध्या सी मध्ये दुसऱ्या तारेवर बोट पडतं आणि मोकळा बी जातो. तिथेच सगळा नाद हरवतो. प्रत्येक कॉर्ड चार मात्रा, लय मिनिटाला साधारण ८४.

डिस्टॉर्शनमध्ये मात्र हेच मोकळे सूर एकमेकांवर घासतात. तिथे फक्त जाड दोन-तीन तारांवर पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम एवढंच) धरा आणि गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, निम्म्यावर आणा.

लिमरिक९३:
जम आधीच बसला होता. १९८९ मध्ये होगन बंधू आणि ड्रमर फर्गल लॉलर यांनी सुरुवात केली, तेव्हा गायक वेगळा होता. १९९० मध्ये गायिका म्हणून डोलोरेस ओ'रिऑर्डन आली. होगन बंधूंपैकी गिटारवादक नोएलच्या कॉर्डच्या टेपवर तिने 'लिंगर'चे शब्द बांधून आणले. निर्माता स्टीफन स्ट्रीटने केलेला पहिला अल्बम मार्च १९९३ मध्ये निघाला, पण ब्रिटनमध्ये सुरुवातीला फारसं कुणी विचारलं नाही. अमेरिकेत एमटीव्हीने 'लिंगर' उचललं, ते बिलबोर्ड या तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि १९९४ मध्ये तोच अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला. 'झॉम्बी' त्यानंतरचं, सप्टेंबर १९९४.

खर्ज_षड्ज:
गाणारही असाल तर एक सांगतो. डोलोरेसचा आवाज छातीतून हेड व्हॉइसमध्ये (डोक्यात घुमणाऱ्या पातळ, उंच आवाजात) झटकन उडी मारतो. आपल्याकडे शिकलेला गळा तिथे नकळत मींड घेतो, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जातो, आणि ती तुटक उडी पुसली जाते. आधी हळू आवाजात, दोनच सुरांवर, ती फट उघडी ठेवून सराव करा. घसा आवळलात तर नुसती किंचाळी निघेल.

शब्दांमागची घटनाही माहीत असू द्या. २० मार्च १९९३ ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने केलेल्या बॉम्बस्फोटात ३ आणि १२ वर्षांची दोन मुलं गेली. गाणं त्या संतापातून आलंय, त्यामुळे सुरुवातीच्या ओळी दबक्याच ठेवा.

डोलोरेस १५ जानेवारी २०१८ ला गेली. तिने डेमोत गाऊन ठेवलेल्या आवाजाभोवती उरलेल्या तिघांनी 'इन द एंड' हा अल्बम पूर्ण केला, २०१९ मध्ये, पुन्हा स्टीफन स्ट्रीटबरोबरच. हेडफोन लावून ऐका.