तूप : तळाला कणी, वर पातळ. असं का?

सायसाखर : म्हशीच्या लोण्याचं तूप बरणीत भरल्यावर तळाशी पांढरी कणी बसते आणि वर पिवळं पातळ राहतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर कणी न पडता गुळगुळीत गोळा होतो. वरचं पातळ म्हणजे पाणी राहिलंय का? सगळी बरणी सारखी रवाळ कशी करायची?

कढई : पाणी नाही. पाणी तुपापेक्षा जड, ते राहिलं असतं तर तळाशी गेलं असतं. दुधाचा स्निग्धांश अनेक प्रकारच्या मेदांचं मिश्रण आहे. त्यातले काही शून्याखालीही पातळच राहतात, काहींना वितळायला ४० अंश लागतात. म्हणून २८-३० अंशांच्या खोलीत एकाच बरणीत घन आणि द्रव दोन्ही असतात. खोबरेल तेल मात्र २४ अंशांच्या आसपास बहुतेक सगळं एकदमच थिजतं. पिवळा रंग देणारी द्रव्यं पातळ भागात विरघळलेली राहतात. म्हणून कणी पांढरी दिसते.

कणी मोठी होते ती सावकाश थंड होताना. फ्रिजमध्ये एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक सुरू होतात, एकही वाढत नाही. तूप थिजताना ढवळलं तरी तेच होतं.

लोणकढी : आता कृती. तूप मंद आचेवर ६०-६५ अंशांपर्यंत गरम करून दहा मिनिटं ठेवा. जुनी कणी पूर्ण विरघळायलाच हवी. बरणीत ओता, वाफ जाईपर्यंत झाकण तिरपं ठेवा, नाहीतर झाकणावरचं पाणी तुपात पडतं आणि पुढे वास येतो. बोटाला गरमही नाही, गारही नाही असं झालं की किलोला एक चमचा तयार रवाळ तूप विरजणासारखं घालून एकदाच हलवा. हे गरम तुपात घातलं तर तेही वितळतं, उपयोग शून्य. मग बरणी जाड टॉवेलात गुंडाळून २४ तास अजिबात हलवू नका.

विदर्भातल्या मे महिन्यात, घरात ३५ अंशांच्या वर, हे जमणार नाही. वरचं पातळच राहील. माठाशेजारच्या गार जागी ठेवून बघा.

सायसाखर : म्हणजे कणी असली की तूप शुद्ध, असं धरायचं का?

कढई : नाही! वनस्पती तूपही दाणेदार बनवता येतं. आणि गाईचं शुद्ध तूप म्हशीच्या तुपापेक्षा बहुधा मऊ असतं, कणीही बारीक. भेसळ ओळखायला प्रयोगशाळाच लागते.