मदत हवी आहे: 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सिनेमा लहानथोरांनी एकत्र बघण्यासारखा आहे का? (गेम खेळलेल्यांची आणि न खेळलेल्यांचीही मतं हवीत)

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी,

आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत पाच-सहा घरं मिळून महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये सिनेमा बघतात. सिनेमा संपला की चहा आणि त्यावर गप्पा. यंदाची पाळी आमच्या घरची आहे. मुलांनी आधीच सांगून ठेवलंय की या वेळी व्हिडिओ गेमवरचा मारधाडीचा सिनेमाच पाहिजे. मोठ्यांची अट अशी की मारामारी चालेल पण रक्ताचे पाट नकोत, आणि ज्यांनी आयुष्यात गेम हातात धरला नाही त्यांनाही गोष्ट कळली पाहिजे.

मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' (२०१०) काढला. दिग्दर्शक माइक न्यूएल. जेक जिलेनहाल, जेमा आर्टर्टन, बेन किंग्सली. सगळ्यांना बोलावण्याआधी आम्ही घरच्या तिघांनी तो बघून घेतला आणि तिघांची तीन मतं झाली.

माझे मोठे दीर नव्वदच्या दशकात पोवई नाक्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासला जायचे. तिथे जुना प्रिन्स (१९८९ चा मूळ गेम) खेळलेले. त्यांना सिनेमा अजिबात पटला नाही. पुतण्या २००३ चा गेम खेळलाय, तो म्हणाला, "काकू, तो वेळ मागे फिरवणारा खंजीर तेवढा गेममधला आहे, बाकी सगळं दुसऱ्याच कुणाचं आहे." मी दोन्ही खेळलेले नाहीत आणि मला सिनेमा मनापासून आवडला. रस्त्यावरच्या अनाथ पोराला राजा दत्तक घेतो, त्याच पोरावर पुढे राजाच्या खुनाचा आळ येतो, हे मला पहिल्या अर्ध्या तासातच धरून ठेवणारं वाटलं. शहामृगांच्या शर्यती लावणारा आणि कराच्या नावाने बोटं मोडणारा शेख अमार (आल्फ्रेड मोलिना) तर गल्लीत सगळ्यांना आवडेल.

मग मी नेटवर प्रेक्षकांची मतं वाचायला घेतली आणि आणखीच गोंधळले. एक जण म्हणतो गेमवर इतका चांगला सिनेमा झाला नाही, त्याच्याच खाली दुसरा म्हणतो दोन तास फुकट गेले. कुणीच सांगत नाही की आपण गेम खेळलोय की नाही, आणि खेळलोय तर कुठला! आमच्या घरातलं बघून मला तरी वाटतं की सगळा फरक तिथेच पडतो. म्हणून एक विनंती, प्रतिसाद देताना आधी तेवढं सांगा.

मला नेमकं हे हवंय: गल्लीत आठ वर्षांच्या पोरापासून पंच्याहत्तरीच्या आजींपर्यंत सगळे येणार, त्यांना हा चालेल का? यापेक्षा बरा दुसरा कुठला आहे का? आणि सिनेमानंतर गप्पा 'गेमसारखा नाही' या एका वाक्यावर अडकू नयेत म्हणून काय करावं? आजींना इंग्रजी कळत नाही, हाही प्रश्न आहेच.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, मी १९८९ चा जुना गेम खेळलोय. भरपूर. सिनेमा एकदाच पाहिला.

तुमच्या दिरांचं दुखणं मला कळतं. सांगलीत आम्ही ज्या क्लासला जायचो तिथे सर बाहेर गेले की कुणीतरी फ्लॉपी घालायचा आणि 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करून चीट (गेम सोपा करून घ्यायची चोरवाट) चालू करायचा. चीटशिवाय खेळायचं तर हातात बरोबर साठ मिनिटं. वजीर जाफरने राजकन्येला तासाभराची मुदत दिलेली असते, तेवढ्यात तळघरातून वर पोचायचं. शिफ्टची की दाबून धरली की प्रिन्स कड्याला लोंबकळून राहायचा, शिफ्ट धरूनच एकेक पाऊल टाकत खिळ्यांमधून जायचा. पायाखालची फरशी हलायला लागली की मागे उभी असलेली पोरं ओरडायची.

त्याचं ते पळणं खऱ्या माणसाचं होतं. गेम करणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. म्हणून तो धावता धावता थांबला की दोन पावलं घसरायचा. आमच्या पिढीला प्रिन्स म्हटलं की ते घसरणं आठवतं, चेहरा नाही. चेहरा नव्हताच त्याला. सिनेमात त्याला चेहरा आला, नाव आलं (दस्तान), दोन भाऊ आले, विनोद आले. जुना खेळणारा नाराज होणारच.

पण एक सांगतो, सिनेमाची मूळ कथा मेकनरचीच आहे. म्हणजे परक्या कुणी येऊन नासधूस केली असं म्हणता येत नाही. गल्लीसाठी चालेल. दिरांना सांगा, हा त्या गेमचा सिनेमा नाहीच, २००३ च्या गेमचा आहे.

वाळूचं घड्याळ (कराड)

२००३ चा खेळलोय, सिनेमा तीनदा बघितलाय. पुतण्याची बाजू मांडतो. (पुढे गेमचा रसभंग आहे.)

त्या गेममध्ये राजपुत्राची फौज सुरुवातीलाच एका भारतीय महाराजाच्या महालावर चालून जाते. खंजीर तिथून लुटलेला. नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी, म्हणजे आपल्याकडची! सिनेमात तिच्या जागी तमिना नावाची, अलामूत शहराची राजकन्या आली आणि भारताचा संबंधच संपला. आपल्या पोरांना हे खटकलं तर त्यात नवल नाही.

पण त्याहून मोठा बदल वेगळा आहे आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. गेममध्ये ती जादूची, वेळेची वाळू मोकळी सोडतो तो स्वतः राजपुत्र. वजिराच्या नादाला लागून, बक्षिसाच्या आणि कौतुकाच्या हावेने. त्याच्या हातून अख्ख्या महालाचे राक्षस होतात, त्यात त्याचा बापही. पुढे त्या बापाशी त्याला लढावं लागतं. पूर्ण गेम म्हणजे आपल्या हातून घडलेलं निस्तरणं. गोष्टही तोच सांगत असतो. आपण मेलो की त्याचा आवाज येतो, नाही नाही, असं नव्हतं झालं, आणि आपण पुन्हा तिथूनच सुरू करतो.

सिनेमात मात्र दस्तान निर्दोष. त्याच्यावर आळ आलाय एवढंच. दोषी दुसरा कुणीतरी आहे, त्याला शोधला की झालं. भिंतीवरून पळणं, वेळ मागे फिरवणं, सगळं नीट घेतलंय. वाळू उलटी वाहते ते दृश्य आजही सुंदर दिसतं. पण माणूस बदलला. मला हा सिनेमा आवडतो, तरी ही एक गोष्ट मला प्रत्येक वेळी टोचते.

कृष्णाकाठ (सांगली)

@वाळूचं घड्याळ, तुमचं वाचून जुन्या गेमचं एक आठवलं. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा येतो. धावत जाऊन त्यातून उडी मारली की आपली सावली सुटून दुसरीकडे पळते. पुढे ती आपली औषधाची बाटली पिते, दार लावून आपल्याला खाली पाडते. शेवटी बाराव्या लेव्हलला तीच तलवार काढून समोर उभी. तिला वार केला की आपलाच जीव कमी होतो. आमच्या क्लासमध्ये इथे सगळे अडकले होते. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचं. दोघे एक होतात.

म्हणजे १९८९ काय, २००३ काय, दोन्हीकडे प्रिन्सचं खरं भांडण स्वतःशीच आहे. सिनेमाने ते काढून घेतलं. दिरांना हेच म्हणायचं असेल बहुतेक.

दोन पोरांची आई (मिरज)

गेम खेळलेला नाही. पोरांबरोबर सिनेमा पाहिलाय.

आठ वर्षांच्या मुलांचं म्हणाल तर अमेरिकेत याला पीजी-१३ दिलंय, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांना दाखवताना पालकांनी जपून. रक्त जवळजवळ नाही. तरी तीन ठिकाणी सावध राहा. विषारी झग्याने राजा मरतो तो प्रसंग, कारण अंगातून वाफा निघतात आणि तो तळमळतो. रात्री वाळवंटात साप सोडतात ते. आणि शेवटाकडे दस्तान खंजिराची ताकद भावाला पटवायला तो स्वतःच्याच पोटात खुपसतो. वेळ मागे फिरते आणि तो वाचतो, पण लहान मुलाला ते क्षणभर कळत नाही. माझा धाकटा रडला होता. आधीच सांगून ठेवा की हा मरत नाही, वेळ उलटी फिरणार आहे.

आजींच्या भाषेचं म्हणाल तर ज्या ॲपवर लावणार तिथे आदल्या दिवशी भाषेचे पर्याय उघडून बघा. हिंदी नसेल तर आजींच्या शेजारी बडबड्या नातू बसवावा, आमच्याकडे हेच चालतं.

अजिंक्यताऱ्यावरून (सातारा)

दोन्ही गेम खेळलोय. माझं मत सगळ्यांपेक्षा कडक आहे, राग नसावा.

इराणची गोष्ट आणि मुख्य भूमिकांत एकही इराणी माणूस नाही, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. दुसरं, अलामूत. खरं अलामूत म्हणजे इराणच्या उत्तरेला एल्बुर्झ डोंगररांगेतला किल्ला. हसन-ए-सब्बाहने तो १०९० मध्ये घेतला आणि १२५६ मध्ये मंगोलांपुढे पडेपर्यंत तो निजारी इस्माइली या शिया पंथाच्या लोकांकडे होता. सिनेमात ते सोनेरी घुमटांचं पवित्र शहर करून टाकलंय. आपण किल्ल्यांच्या मुलखातली माणसं. आपला एखादा गड कुणी सपाटीवरचा महाल म्हणून दाखवला तर आपल्याला चालेल का?

एक मान्य करतो. सुरुवातीला तटावर बाण मारून, त्या बाणांवर हात-पाय टाकत दस्तान वर चढतो तो भाग मी चढाई शिकणाऱ्या मुलांना मुद्दाम दाखवतो. गेममधली लय तिथे पूर्ण उतरलीय. अख्खा सिनेमा तसा असता तर मी काहीच बोललो नसतो.

यापेक्षा बरा हवा असेल तर 'टूम रेडर' (२०१८), आलिसिया विकांडरचा. धबधब्यावर अडकलेल्या गंजक्या विमानाचा प्रसंग २०१३ च्या गेममधून जवळजवळ तसाच उचललाय, गेमवाली पोरं ओरडतील. बापाला शोधायला निघालेली मुलगी एवढीच गोष्ट, न खेळलेल्यांनाही कळते.

वाळूचं घड्याळ (कराड)

'टूम रेडर' चांगला आहे, सहमत. पण त्यात आजींना धरून ठेवेल असं कमी आहे. शेवटचा भाग थडग्यातल्या अंधारात जातो.

मुलं 'मॉर्टल कॉम्बॅट' मागतीलच, तेव्हा आताच सांगतो. १९९५ चा चालेल. २०२१ चा मुळीच लावू नका. एका पात्राची टोपी करवतीसारखी फिरते आणि समोरचं पात्र उभं चिरलं जातं. मूळ गेमच्या चाहत्यांना तो आवडला तो याचसाठी, कारण १९९२ च्या गेमची ओळखच ती होती. त्यावरून गदारोळ होऊनच अमेरिकेत गेमना वयोगट द्यायची पद्धत आली. शिवाय त्यात नायक म्हणून कोल यंग हे नवं पात्र घुसडलंय, ते चाहत्यांनाही रुचलं नाही. 'असॅसिन्स क्रीड' (२०१६) मध्ये पंधराव्या शतकातला स्पेन अप्रतिम आहे, पण निम्म्याहून जास्त वेळ आजच्या काळातल्या प्रयोगशाळेत जातो. न खेळलेला माणूस तिथे उठून चहा टाकायला जाईल.

'प्रिन्स'ने जगभरात सुमारे ३३ कोटी डॉलर मिळवले. २०१६ मध्ये 'वॉरक्राफ्ट' येईपर्यंत गेमवरच्या सिनेमात सगळ्यात जास्त कमाई त्याचीच होती. तरी खर्च इतका होता की दुसरा भाग निघाला नाही. ही कमाई गेम न खेळलेल्यांच्या जिवावर झाली असं माझं मत. तुमच्या गल्लीत तेच जास्त आहेत. हाच लावा.

शाहूपुरीकर (सातारा)

सगळ्यांचे खूप आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

'प्रिन्स'च लावायचं ठरलं. दिरांना सावलीचा प्रसंग वाचून दाखवला, तर ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. म्हणाले, "हेच! मला हेच सांगता येत नव्हतं." आता सिनेमाआधी ते लॅपटॉपवर जुना गेम थोडा खेळून दाखवणार आहेत आणि पुतण्या २००३ च्या गेमची गोष्ट सांगणार आहे. गप्पांना प्रश्न कृष्णाकाठ आणि वाळूचं घड्याळ यांच्याकडूनच घेतला: राजपुत्र स्वतः दोषी असता तर तुम्हाला तो आवडला असता का? यावर आजीही बोलतील, खेळलेली पोरंही बोलतील. माझं उत्तर अजून 'हो' आहे, पण सिनेमा मला तेवढाच आवडतो, हेही खरं.

अलामूतचं मी स्वतः सांगेन. सातारकरांना किल्ल्याबद्दल चुकीचं दाखवून तसंच घरी पाठवायचं मला बरोबर वाटत नाही.

शेवटचा एक प्रश्न. सिनेमा ११६ मिनिटांचा आहे, मध्ये चहा लागणारच. कुठे थांबवू?

दोन पोरांची आई (मिरज)

शहामृगांच्या शर्यतीतून ते निसटले की थोड्या वेळाने दोघे राजाच्या अंत्ययात्रेच्या गावी पोचतात. त्या गावाच्या वेशीवर थांबवा. लहान मुलांचं हसून झालेलं असतं आणि पुढच्याच प्रसंगात खरा गुन्हेगार कोण याचा धागा लागतो. चहाच्या वेळात मोठ्यांना अंदाज बांधू द्या. मात्र ज्यांनी आधी पाहिलाय त्यांना तेवढा वेळ स्वयंपाकघरात पाठवा, नाहीतर कुणीतरी नाव फोडतंच.