मीठ आम्ल की आम्लारी? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-२०४: नमस्कार. लेकीच्या प्रश्नापुढे अडकलेय. सुट्टीत गोकर्णाची फुलं उकळून तिने घरातल्या वस्तू तपासल्या. मिठाच्या पाण्यात निळा रंग तसाच राहिला, खाण्याच्या सोड्यात हिरवट झाला, तुरटीत जांभळा. पुस्तक म्हणतं तिन्ही क्षार. मग रंग वेगळे का?

सी-१०१: क्षार म्हणजे अल्कलीच ना? बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये थर धरतो तो.

ए-४०२: १०१, वर्गात दरवर्षी हीच गल्लत व्हायची. आपण बोलताना 'क्षार' खारट पाण्याला म्हणतो, पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, बेस) एकत्र येऊन जे तयार होतं त्याला. गिझरमधला थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, तोही क्षारच. व्हिनेगरने विरघळतो.
आता लेकीला सांगा, क्षाराचे आईबाप बघायचे. मिठाचे दोघंही तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा. कोणाचंच पारडं जड नाही, सामू (pH) ७. सात म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर आम्लारी. खाण्याच्या सोड्यात कॉस्टिक तीव्र, पण कार्बोनिक आम्ल सौम्य, म्हणून सामू ८ च्या थोडा वर. धुण्याचा सोडा त्याच घरातला, पण ११ च्या आसपास. त्याने हात कोरडे पडतात ते उगाच नाही. तुरटीत उलट. सल्फ्युरिक आम्ल तीव्र, ॲल्युमिनियमची बाजू कमजोर, म्हणून पाणी आम्लधर्मी होतं. तिने बरोबर पाहिलंय, शाबासकी द्या तिला!

बी-२०४: खूप आभार काकू 🙏 हळदीने पण करता येईल का?

ए-४०२: अर्धंच काम होईल. आम्लारीत हळद लाल होते (ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके येतात ते हेच), पण लिंबात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते. गोकर्ण चांगलं. आम्लही दाखवतं.

बी-३०३: मी तुंबलेल्या सिंकमध्ये सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतते. चूक का?

ए-४०२: धोका नाही, पण दोघं एकमेकांना मारतात. फेस येतो, उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. आधी गरम पाणी, मग हवं तर एकच काहीतरी.
मात्र एक गोष्ट सगळ्यांनी वाचा. संडास धुवायच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सी-१०१: मागच्या महिन्यात जिने धुताना मावशींना अचानक ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी. बादलीत दोन्ही ओतलेलं होतं. आम्हाला वाटलं धूळ असेल.

ए-४०२: बाई गं. आता बऱ्या आहेत ना त्या?

सी-१०१: हो, लगेच गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं होतं. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात असतात. आत्ताच खाली जाऊन ब्लीच पंपरूममध्ये हलवतो.

बी-२०४: थांबा, मीही येते. बाटल्यांवर मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावू. मावशींना मी समोर बसून समजावते.